काम करता करता चालायचं, तर…

तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाची पाळ सकाळी चालायला झकास. पण मे महिन्यात दहा वाजल्यानंतर तिथे उभं राहवत नाही आणि दिवेलागणीनंतर नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यात अस्वल-बिबट्याचा भरवसा नसतो. घरूनच लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्यांनी चालायचं कधी? त्यांच्यासाठी ट्रेडमिल डेस्क, म्हणजे उंच टेबल आणि त्याखाली सावकाश फिरणारा चालपट्टा.

हा व्यायाम नव्हे, घाम येता कामा नये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. जेम्स लेव्हिन यांनी २००७ साली लठ्ठ व्यक्तींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ताशी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास चालत काम केल्यावर, बसून काम करण्यापेक्षा तासाला सुमारे १२० कॅलरी जास्त खर्च झाल्या. एवढ्या संथ वेगातही फायदा आहे तो असा.

आधी जागा. फरशी सपाट हवी. मशीन डगमगलं की पट्टा एका बाजूला सरकतो. मागे दोन मीटर तरी मोकळं ठेवा, भिंतीला टेकवून लावू नका.

मग टेबलाची उंची. बहुतेकांचं इथेच चुकतं: जमिनीवर उभं राहून माप घेतात. पट्टाच दहा-बारा सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा बूट घालून पट्ट्यावर उभे राहा आणि मगच मापा. कोपर काटकोनात, खांदे सैल आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. नुसत्या लॅपटॉपवर हे जमत नाही. तो उंच ठेवून कीबोर्ड वेगळा घ्या, नाहीतर आठवड्यात मान धरते.

सुरुवात ताशी दीड किलोमीटरने करा. काही मशीनवर आकडे मैलात असतात, ते आधी बघा. पहिले काही दिवस वीस मिनिटं पुरे, तीही मेल वाचताना किंवा मीटिंग ऐकताना. हिशेबाचे तक्ते बसूनच करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता विजेचं. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं वीजकेंद्र असलं तरी गावात लाइन जायची ती जातेच. पट्टा अचानक थांबतो आणि आपण पुढे झुकतो. मशीनची सुरक्षा-दोरीही कपड्याला अडकवा. ती ओढली गेली की मोटर बंद होते. प्लगला अर्थिंग हवंच. घरच्या इन्व्हर्टरवर मोटर चालवायची झाल्यास आधी इलेक्ट्रिशियनला विचारा.

उतरताना वेग शून्यावर आणा, क्षणभर थांबा. जमीन सरकल्यासारखी वाटते, ते लगेच जातं. गुडघेदुखी, चक्कर किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका.

पट्टा उजवीकडे सरकू लागला तर मागचा उजवा बोल्ट पाव फेरा आवळा. पट्ट्याखाली सिलिकॉन तेलच घाला, खोबरेल नको.

घरात लहान मुलं असतील तर काम संपल्यावर प्लग काढा आणि सुरक्षा-दोरी त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. फिरत्या पट्ट्यात बोटं अडकून खोल जखमा होतात.