पहिल्या हंगामाचा हिशेब

अमेरिकी फुटबॉलच्या अधिकृत नोंदींनुसार पदार्पणाच्या हंगामात सर्वाधिक सॅक करण्याचा विक्रम जेव्हॉन कर्सचा आहे : १९९९ साली १४.५. त्याच्या २१ वर्षं आधी, १९७८ मध्ये, डेट्रॉईट लायन्सच्या अल बेकरनं पहिल्याच हंगामात २३ सॅक केले होते. नॅशनल फुटबॉल लीगच्या विक्रमांत त्यांना जागा नाही.

बेकर खेळायचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या अगदी कडेला. कबड्डीतल्या कोपरारक्षकासारखीच ही जागा, पण इथे सावज अंगावर चालून येत नाही, त्याच्यापर्यंत आपल्यालाच पोचावं लागतं. हे सावज म्हणजे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. त्याच्या हातून चेंडू सुटण्याआधी, चाल सुरू झाली त्या रेषेच्या मागेच त्याला पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा, १४.५ मधला तो ०.५ तिथून येतो. मधे जवळजवळ दोन मीटर उंचीची, सव्वाशे किलोहून जड माणसं भिंतीसारखी उभी असतात आणि हाती वेळ जेमतेम तीन-चार सेकंदांचा.

न्यूअर्कमध्ये वाढलेला, कोलोराडो स्टेट विद्यापीठाकडून खेळलेला, ६ फूट ६ इंच उंचीचा हा मुलगा लीगच्या १९७८ च्या नवोदित-निवडीत चाळिसाव्या क्रमांकावर उचलला गेला. म्हणजे पहिल्या फेरीत कोणालाच तो घ्यावासा वाटला नव्हता. लीगनं त्याच वर्षी सामने १४ वरून १६ केले, ते त्याच्या पथ्यावर पडलं. नियम मात्र उलटे फिरले. फेकीचा खेळ वाढावा म्हणून क्वार्टरबॅकच्या रक्षकांना हात लांबवून, उघड्या पंजांनी ढकलायची मुभा मिळाली. बेकरची वाट अडवणाऱ्यांना सवलत मिळाली आणि नेमक्या त्याच हंगामात तो त्यांना भारी पडला.

यात एका मार्गदर्शकाचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. फ्लॉइड पीटर्स १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘गोल्ड रश’ नावानं गाजलेली बचावफळी घडवून डेट्रॉईटला आला होता. त्याचा शिरस्ता सोपा : आधी क्वार्टरबॅककडे सुटायचं, चेंडू घेऊन धावणारा आडवा आला तर त्याला जाताजाता आडवा करायचा. पहिल्या दिवसापासून बेधडक सुटायची परवानगी मिळालेला नवखा खेळाडू विरळाच. डेट्रॉईटची फळी ‘सिल्व्हर रश’ म्हणून ओळखली जाऊ लागली. बेकर त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला; संघ मात्र ७ विजय आणि ९ पराभवांवर थांबला. पुढची दोन वर्षंही बेकर तारांकित खेळाडूंच्या प्रो बोल सामन्यासाठी निवडला गेला. १९८३ मध्ये तो सेंट लुईस कार्डिनल्सकडे गेला. पीटर्स तिथे आधीच पोचला होता. १९८८ चा एक हंगाम बेकर मिनेसोटात खेळला आणि तिथेही बचावाची सूत्रं पीटर्सकडेच होती. हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. कारकिर्दीची अखेर १९९० मध्ये क्लीव्हलँडला झाली.

आता नोंदीचा घोळ. १९८२ पूर्वी क्वार्टरबॅक किती वेळा पडला, किती यार्डांचा तोटा झाला, हे लीग लिहून ठेवत होती. कोणी पाडलं, ते लीगच्या खात्यात येत नव्हतं. म्हणजे सॅक झाल्याचं मान्य, फक्त करणारा निनावी! जॉन टर्नी आणि निक वेबस्टर या अभ्यासकांनी अनेक वर्षं सामन्यांचे चालवार तक्ते आणि चित्रफिती तपासून ही नावं शोधली. २०२१ मध्ये प्रो-फुटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळानं १९६० पर्यंतचे आकडे खुले केले, त्यात बेकरचे २३ आहेत. ही जुन्यांची भलावण नव्हे. सिनसिनाटीच्या कॉय बेकनच्या नावावर १९७६ चे २६ सॅक सांगितले जात. तपासणीनंतर ते साडेएकवीस उरले. जी पद्धत लाडक्या दंतकथेलाही कात्री लावते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

निवृत्तीनंतर बेकरनं ओहायोतल्या एव्हन गावी बार्बेक्यूचं हॉटेल काढलं. डुकराच्या भाजलेल्या बरगड्या हाड काढून विकायची त्याची कल्पना २०१३ मध्ये ‘शार्क टँक’ कार्यक्रमात झळकली आणि डेमंड जॉन या उद्योजकाशी भागीदारी झाली. पुढे ती बिनसली, प्रकरण न्यायालयात गेलं.

इकडे मैदानावर २००१ मध्ये मायकेल स्ट्रेहननं एका हंगामात २२.५ सॅक करून विक्रम केला, २०२१ मध्ये टी. जे. वॉटनं त्याची बरोबरी केली. दोन्ही वेळा बेकरचा १९७८ चा आकडा त्यांच्यापेक्षा अर्ध्या सॅकनं मोठा होता. अधिकृत खात्यात त्याचे सॅक आजही १९८२ पासूनच मोजले जातात : ६५.५. त्यातला एकही त्याच्या पहिल्या चार हंगामांतला नाही.