सायनस: दुर्बिणीत काय दिसतं, स्लाइडवर काय

नाक चोंदणं किंवा वाहणं, जोडीला चेहरा जड होणं वा वास न येणं. हे 12 आठवडे टिकलं आणि दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज, पू दिसला, की जुनाट सायनसचं निदान होतं. बहुतेकांना तपासणीसाठी नाकातला तुकडा काढावा लागत नाही. पण आजाराची जात सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइडच सांगते. इओसिनोफिल पेशींची गर्दी असेल, तर शस्त्रक्रियेनंतरही पॉलिप (नाकातली मऊ वाढ) परतण्याची शक्यता जास्त. बुरशीचे धागे नुसत्या चिकट स्रावात असले तर बहुधा अ‍ॅलर्जी. तेच ऊतीत, रक्तवाहिन्यांत घुसलेले दिसले तर धावपळ करायची वेळ. 2021 मध्ये म्युकर बुरशीने महाराष्ट्राला हे दाखवलंच. एकाच नाकपुडीतला ‘साधा’ पॉलिप मात्र फॉर्मॅलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजिस्टकडे जायलाच हवा: इन्व्हर्टेड पॅपिलोमाची गाठ, क्वचित कर्करोगही, डोळ्यांना तसाच दिसतो.