उन्हाळ्यातली गंगा

राजापूरजवळच्या उन्हाळे गावात माळावर चौदा कुंडं आहेत. एरवी कोरडी. एक दिवस ती एकाएकी भरतात, ‘गंगा आली’ अशी हाक उठते आणि काशीकुंडाच्या गोमुखाखाली स्नानाला रांग लागते. ती तीन वर्षांनी येते म्हणतात, पण हल्ली तो नेमही राहिलेला नाही. या गंगेला ना करार, ना आयोग. उत्तरेतली गंगा मात्र १९९६च्या करारापासून भारत आणि बांगलादेशात दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटली जाते.

त्या वाटणीतलं ठळक नाव गंगेवरचं फराक्का. ते पाणी साठवणारं धरण आहे, हा सर्वांत मोठा गैरसमज. ऑगस्ट २०२४मध्ये ‘भारताने दरवाजे उघडून पूर आणला’ अशी ओरड झाली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाला खुलासा करावा लागला की तो नुसता बंधारा आहे. पुरात वरून आलेलं पाणी पुढे जातंच. मग बांधला कशाला? गाळासाठी. हे राजापूरकरांना वेगळं सांगायला नको. सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातलेलं त्यांचं बंदर खाडी गाळाने भरत गेली तसं मागे पडलं. कोलकात्याची तीच गत होऊ नये म्हणून १९७५पासून फराक्क्याहून ३८ किलोमीटरच्या कालव्याने गंगेचं पाणी हुगळीकडे वळवलं जातं.

करार बारमाही आहे, हीसुद्धा चुकीची समजूत. तो लागू होतो १ जानेवारी ते ३१ मे. जुलैत अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी राजापूरच्या जवाहर चौकात शिरतं, तेव्हा त्यात वाटा कोण मागतो? भांडण असतं ते उन्हाळ्यातल्या पाण्याचं.

आणि ‘अर्धी गंगा देऊन टाकली’? प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तरच निम्मं-निम्मं. ७५ हजारांच्या वर गेला की भारताला ४० हजार, उरलेलं बांगलादेशाला. ११ मार्च ते १० मे या कडक दिवसांत तर चक्क पाळी लावलेली आहे, पाटाच्या पाण्याला लावतात तशी: दहा दिवस एकाला ३५ हजारांची हमी, पुढचे दहा दुसऱ्याला. कृष्णा-कावेरीच्या तंट्यांत मुरलेल्या कर्नाटकाचे देवेगौडा तेव्हा पंतप्रधान होते. बांगलादेशाच्या शेख हसीनांबरोबर सही त्यांचीच.

दोन्ही देशांत मिळून ५४ सामायिक नद्या आहेत. त्यांतल्या तिस्तेवर आजवर कायमस्वरूपी करार झालेला नाही. १२ डिसेंबर १९९६च्या गंगा कराराची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६पर्यंत.