इंजिनची ताकद वाढवली, तरी जेट बोटचा 'पिकअप' का वाढत नाही?

१९७७ साली सर एडमंड हिलरी भारतात आले होते, पण केवळ डोंगर चढायला नाही. गंगासागरपासून हिमालयाच्या दिशेनं, गंगेच्या प्रवाहाविरुद्ध ते बोटीनं निघाले. सोबत तीन जेट बोटी होत्या आणि त्यातल्या एकीचं नाव चक्क 'एअर इंडिया' होतं. वाळूचे पट्टे, गोटे, खळाळ पार करत या बोटी थेट नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोहोचल्या. साधी मोटरबोट असती तर तिचा पंखा पहिल्याच खडकावर तुटला असता. जेट बोटीला खाली लोंबणारा पंखाच नसतो.

ही कल्पना चालती-पळती केली न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी, १९५० च्या दशकात. त्यांच्या भागातल्या नद्या इतक्या उथळ की साधी बोट चालायचीच नाही. सुरुवातीला त्यांच्या बोटीतून पाण्याचा झोत पाण्याखालीच बाहेर पडायचा आणि बोट रखडायची. हॅमिल्टननी झोताचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आणलं आणि बोट एकदम पळायला लागली. इंजिन तेच होतं बरं का!

आज जेट बोट घेणाऱ्या हौशी मंडळींना मात्र पिकअप म्हटलं की आधी इंजिनच दिसतं. मोठा कार्बोरेटर, नवा कॅमशाफ्ट, टर्बो असा भरपूर खर्च होतो. मग बोट पाण्यात उतरते आणि फरक जेमतेम जाणवतो. मेकॅनिकनं फसवलं असं वाटतं. बहुतेक वेळा फसवलेलं नसतं, आडवा आलेला असतो पंप.

जेट बोटीत इंजिन एक पंप फिरवतं. बोटीच्या तळाच्या जाळीतून पाणी आत येतं, इम्पेलर नावाचा पात्यांचा चक्का त्याला ढकलतो आणि मागच्या नोझलमधून ते जोरात बाहेर फेकलं जातं. बहुतेक बोटींत मध्ये गिअरबॉक्स नसतो. गाडीत आपण पहिला गिअर टाकून इंजिनला मोकळं करतो, तशी सोय इथे नाही.

शेतातला पंप आठवा. पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनवर चालणाऱ्या पंपाला दहाचं इंजिन जोडलं आणि फेरे तेवढेच ठेवले, तर पाणी जास्त येईल का? नाही. जास्त पाणी हवं तर पंप जास्त वेगानं फिरवावा लागेल. आणि गोम इथेच आहे: पंपाला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट तर ताकद आठपट!

समजा, तुमचं इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर ३०० हॉर्सपॉवर देतं आणि पंप ती सगळी घेतो. आता ताकद २० टक्क्यांनी वाढवून ३६० केली. फेरे किती होतील? साधारण ४७८०, म्हणजे सहाच टक्के जास्त. बोटीला मिळणारा धक्का फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे तो वाढेल १३ टक्क्यांच्या आसपास.

आता दुसरा हिशेब. माणसं, पेट्रोल, सामान धरून बोटीचं वजन १२०० किलो आहे. त्यातलं १२० किलो कमी केलं, तर तेवढ्याच धक्क्यात पिकअप ११ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जुनी जड बॅटरी, भिजून जड झालेला फोम आणि गरज नसताना काठोकाठ भरलेली टाकी, एवढं आवरलं तरी लाखभराच्या कामाच्या जवळपास फायदा होतो. न्यूझीलंडमध्ये जेटस्प्रिंट नावाच्या शर्यती होतात. उथळ, वळणावळणाच्या पाटातून एकेक बोट घड्याळाविरुद्ध सुटते. तिथल्या ताकदवान व्ही-८ इंजिनांची चर्चा सगळे करतात, पण त्या बोटी किती छोट्या आणि हलक्या असतात याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

याहून मोठा घोटाळा होतो चुकीच्या जागी ताकद वाढवल्यावर. 'रेसिंग' इंजिन ६००० फेऱ्यांवर ४०० हॉर्सपॉवर देतं, हे कागदावर खरंच असतं. पण वरच्याच पंपाला ६००० फेऱ्यांवर न्यायला ७११ हॉर्सपॉवर लागेल! इंजिन तिथवर कधी पोहोचतच नाही. उलट ४५०० च्या आसपास ते जुन्या इंजिनपेक्षा कमजोर असेल तर बोट आधीपेक्षा मंद होते.

म्हणून इंजिनात बदल करायचाच असेल, तर पंप ज्या फेऱ्यांवर अडतो त्याच्या आसपासचा टॉर्क वाढवायचा. किंवा इंजिन आणि इम्पेलर जोडीनं बदलायचे: कमी ताकद खाणारा इम्पेलर लावला की इंजिन त्याच्या खऱ्या जोमाच्या फेऱ्यांपर्यंत चढतं. रेसच्या गाडीचा कॅमशाफ्ट आणून बसवणं तर धोक्याचंच. त्यात इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. अनेक बोटींत एक्झॉस्ट थंड ठेवायला त्यात पाणी सोडलेलं असतं. कमी फेऱ्यांवर ते पाणी उलटं सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनचं काम तमाम.

पण खरं सांगायचं तर, पानं-पकड इंजिनला लावण्याआधी पंप उघडून बघावा. इम्पेलरची पाती आणि बाहेरची रिंग यांच्यात अगदी बारीक फट असते. वाळू-खडी ओढून ती हळूहळू रुंदावते आणि ढकललेलं पाणी तिथूनच मागे घसरतं. पात्यांची पुढची धार खडे लागून बोथट होते, तेव्हा आणखी एक भानगड सुरू होते. पाण्याचा दाब एवढा घसरतो की ते थंड असूनही जागेवर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि इम्पेलर पाण्याऐवजी फेसात फिरतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. थ्रॉटल दाबल्यावर इंजिन किंचाळतं पण बोट हलत नाही, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. किंवा जाळीत दोरी, प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. फट नीट करणं, धार काढणं, जाळी साफ ठेवणं ही कामं इंजिनच्या कामापेक्षा बरीच स्वस्त आहेत.

नोझलचंही तसंच. तोंड थोडं मोठं केलं की जास्त पाणी कमी वेगानं जातं, सुरुवातीचा धक्का वाढतो, वरचा वेग थोडा कमी होतो. मात्र फार मोठं केलं तर पंपातला दाब घटून कॅव्हिटेशन होतं.

एवढं करून पिकअप वाढलाच, तर दोन गोष्टी आधीच बघून ठेवा. लाटेवरून उडताना पंपात हवा शिरली की त्यावरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि इंजिनचे फेरे एकदम वर जातात, म्हणून फेऱ्यांवर मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर हवाच. दुसरी गोष्ट जीवाशी संबंधित आहे आणि मालवण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या जेट स्कीलाही ती लागू होते, कारण यंत्रणा तीच आहे. ही बोट वळते ती पाण्याच्या झोतानं. समोर माणूस किंवा खडक दिसला की आपला हात आपोआप थ्रॉटल सोडतो. झोत थांबतो, आणि काही बोटींत त्यासाठी वेगळी सोय असली तरी एरवी तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, बोट सरळच जाते. त्यामुळे वळण्यासाठी थोडा थ्रॉटल देत राहण्याचा सराव मोकळ्या पाण्यात, आसपास कुणी नसताना, आधी करून घ्यावा लागतो.