घर तारण, धंदा अडचणीत : बँकेची नोटीस आल्यावर काय करावे?

धंद्यासाठी राहते घर तारण ठेवणे आपल्या बाजारात नवे नाही. भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागधारकाला सुतासाठी कॅश क्रेडिट हवे असते. बँक माग पाहते, माल पाहते आणि शेवटी घराचे कागद मागते. पुढे सूत महागते, उधारी अडकते, हप्ते चुकतात आणि एक दिवस रजिस्टर्ड पाकीट येते. ते न फोडताच कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत. बँक कोर्टात जाईल, तारखा पडतील, दहा वर्षे सहज निघतील, असा त्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब २००२ पर्यंत बराचसा खरा होता. त्या वर्षी सरफेसी कायदा आला आणि दिवाणी दाव्याशिवाय तारण घराचा ताबा घेऊन ते विकण्याचा अधिकार बँकांना मिळाला. सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही, असे सांगणारे सल्लागार आजही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात तो वाद मिटवला. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. पतसंस्थांचा मार्ग वेगळा. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतात व जप्ती आणतात. तेथेही निबंधकापुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी असते, ती सोडू नये.

खरी वेळ नोटिशीच्या आधीची असते. थकबाकी नव्वद दिवसांपुढे गेली की खाते बुडीत वर्गात जाते. त्याआधी सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०१५ साली केंद्र सरकारने पुनरुज्जीवनाची योजना ठरवून दिली आहे. त्यात बँकेच्या समितीने हप्ते लांबवणे, कर्जाची फेररचना अशा उपायांचा विचार करायचा असतो. ही योजना बँकांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रो निट्स प्रकरणात सांगितले. मात्र खाते बुडीत होण्यापूर्वी उद्योजकानेही नोंदणीचे कागद घेऊन बँकेकडे गेले पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. उद्यम नोंदणी केवळ अनुदानासाठी असते असे समजणाऱ्या कारागिरांनी हे ध्यानात घ्यावे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. मॅनेजरशी तोंडी झालेले बोलणे मॅनेजरची बदली झाली की संपते.

कलम १३(२) ची नोटीस आली म्हणजे साठ दिवसांची मुदत सुरू झाली. या साठ दिवसांत लेखी हरकत घ्यावी. व्याज चुकीचे लावले, भरलेली रक्कम जमा दाखवली नाही, दंड अवाच्या सवा आकारला, जे असेल ते आकड्यांनिशी लिहावे. बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे. एक गोष्ट आधी तपासावी : मुद्दल व व्याज मिळून येणे रकमेच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल, तर या कायद्याखाली घराला हात लावता येत नाही. शेतजमीनही या कायद्याबाहेर आहे.

साठ दिवस गेले की बँक ताब्याची नोटीस दारावर लावते व वर्तमानपत्रात छापते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबईत मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. अशा वेळी लोक धावतात दिवाणी कोर्टात, आणि तेथे या कारवाईला मनाई सहसा मिळत नाही. जायचे असते कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे. ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहे. ताब्याच्या कारवाईपासून पंचेचाळीस दिवसांत अर्ज करावा लागतो. पूर्वी त्यासाठी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात ती रद्द केली. मात्र त्यापुढच्या अपिलासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. ती कमी करून मिळाली तरी पंचवीस टक्क्यांच्या खाली येत नाही. म्हणून पहिला अर्जच पुराव्यांसह नीट लिहून घ्यावा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. घर पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असेल तर याचा उपयोग करून घ्यावा.

लिलावाच्या दिवशी सकाळी पैसे घेऊन गेलो की घर सुटेल, ही आणखी एक जुनी समजूत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी पूर्ण रक्कम भरावी लागते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच अर्थ लावला. घर विकून बँकेचे देणे फिटल्यावर काही उरले तर ते मालकाचे. कमी पडले तर बाकीसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते. जामीनदारही यातून सुटत नाही. त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

आपल्याकडच्या घरांचा एक खास गुंता आहे. वडिलांच्या पश्चात घर वारसांच्या नावे चढत नाही आणि थोरला भाऊ एकटाच सही करून ते तारण ठेवतो. मुस्लिम वारसा कायद्यात वडील गेल्याक्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता ही कल्पना त्यात नाही. भाऊ तारण ठेवू शकतो तो स्वतःचा हिस्सा. आई व बहिणींनी सह्या केल्या नसतील तर त्यांना आपल्या हिश्श्यापुरती हरकत घेता येते. मात्र कर्ज थकल्यावर घाईने पत्नीच्या नावे हिबा करण्यात काही अर्थ नाही. तारणाचा बोजा घराबरोबरच जातो.

एकरकमी परतफेडीची बोलणी यातल्या कोणत्याही टप्प्यावर करता येतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. किती सूट मिळेल हे बँकेवर अवलंबून. सूट हक्काने मागता येत नाही. पण पैसे कोठून व कोणत्या तारखेला येणार, हे कागदावर दाखवणाऱ्याचे बँक अधिक ऐकते, असे आम्हांला दिसले आहे.

तेवढे पैसे उभे करण्यासाठी बिनपरवाना सावकाराकडे मात्र जाऊ नये. तो कर्जाच्या नावाखाली घराचे खरेदीखतच करून घेतो. तसे आधीच घडले असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. चौकशीत ती सावकारी ठरली तर मागील पंधरा वर्षांतील असा व्यवहार रद्द होऊन घर परत मिळू शकते.