लेकीला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायचंय?

नवरात्राचे दिवस होते. शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला आल्या, पण चेहरा उतरलेला. त्यांची लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. "काय सांगू तुम्हाला! आम्ही हिच्यासाठी स्थळं बघायला लागलो, तर ही म्हणते पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करणार, ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणार. वर म्हणे, फॉर्मची मुदत आठ दिवसांत संपतेय. अजून पदवीचा पत्ता नाही, आणि पुढचा फॉर्म कसला?"

वहिनींचं तरी काय चुकलं? आपल्या वेळी आधी निकाल लागायचा, पेढे वाटायचे, मग रांगेत उभं राहून फॉर्म आणायचा. आता एम.एस्सी.चं दार निकालाच्या कितीतरी महिने आधी उघडतं आणि गुपचूप बंदही होतं. घरात हे ठाऊक नसलं तर चांगल्या हुशार मुलीचं वर्ष फुकट जातं. आणि मुलीच्या रिकाम्या वर्षाचं आपल्याकडे काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

दार केव्हा उघडतं?

वहिनींची लेक म्हणत होती तो फॉर्म 'जॅम' या परीक्षेचा. नाव गोड, पण परीक्षा सोपी नव्हे! आयआयटीमधल्या एम.एस्सी.साठी ही परीक्षा २००४ पासून होते. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे, म्हणजे नेमके सणावारांच्या धांदलीत. परीक्षा फेब्रुवारीत, तीन तासांची, शंभर गुणांची, कॉम्प्युटरवर. काही प्रश्नांची उत्तरं चुकली तर गुण कापलेही जातात. शेवटच्या वर्षाच्या मुलींना बसता येतं, आणि मुलींना फी निम्मी असते.

केंद्रीय विद्यापीठांसाठी 'सीयूईटी-पीजी' ही दुसरी परीक्षा २०२२ पासून सुरू झाली. तिचे फॉर्म हिवाळ्यात निघतात. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचे प्रवेश उन्हाळ्यात सुरू होतात. कुठे स्वतंत्र प्रवेशपरीक्षा, कुठे बी.एस्सी.चे गुण. तेव्हा दुधाचे खाडे मांडतो त्याच कालनिर्णयावर या तीनही तारखा लाल शाईने मांडून ठेवाव्यात.

ज्यांच्या मुली अजून बारावीत आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. पुण्याला २००६ साली निघालेल्या 'आयसर' संस्थेत बारावीनंतर पाच वर्षांत दोन्ही पदव्या एकदमच मिळतात.

दोन वर्षांत काय शिकवतात?

एम.एस्सी. साधारण दोन वर्षांचं, म्हणजे चार सत्रांचं. राज्यात २०२३-२४ पासून आलेल्या नव्या रचनेत एका सत्राला सुमारे वीस-बावीस श्रेयांक असतात. श्रेयांक म्हणजे आपली मापाची वाटीच समजा: एक श्रेयांक म्हणजे वर्गातले पंधरा तास किंवा प्रयोगशाळेतले तीस तास.

पहिल्या वर्षी पाया पक्का करतात. गणिती पद्धती, यामिकी, विद्युतचुंबकत्व, इलेक्ट्रॉनिक्स आणि ते प्रसिद्ध 'क्वांटम मेकॅनिक्स', म्हणजे अणूच्या आतल्या जगाचे नियम. दुसऱ्या वर्षी अणुगर्भ, घनपदार्थ आणि आवडीचा विषय निवडायचा. खगोलभौतिकी असलीच तर ती बहुधा इथे येते. शिवाय एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन-प्रकल्प.

एक गोष्ट आयांनी आधीच मनाशी धरावी. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवणारी मुलगी इथे पहिल्याच सत्रात अडखळू शकते. तिकडे पाठांतरावर निभावून जातं. इथे एकेक गणित तीन-तीन पानं चालतं, आणि दुसऱ्या पानावर चिन्ह चुकलं की सगळं मुसळ केरात! म्हणून गुण कमी पडले तर लगेच "तुला झेपत नाही" म्हणू नये. ती वही पुढ्यात घेऊन भिंतीकडे टक लावून बसली असेल, तर ती कामातच आहे असं समजावं. अशा वेळी "जरा कुकर लाव गं" एवढं एक वाक्य तासाभराचा विचार मोडायला पुरतं.

तारे बघायचे की आकडे?

खगोलशास्त्र म्हटलं की आपल्याला गच्चीवरची दुर्बीण आठवते. खरं काम मात्र बरंचसं गणिताचं आणि कॉम्प्युटरचं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जी प्रचंड दुर्बीण आहे, तिच्यातून डोळ्यांनी काहीच दिसत नाही. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात, भर दुपारीसुद्धा. मग त्या आकड्यांतून अर्थ काढायचा.

खगोलशास्त्राची स्वतंत्र एम.एस्सी. थोड्याच ठिकाणी आहे, जसं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ किंवा इंदूरची आयआयटी. रुळलेली वाट म्हणजे आधी फिजिक्सची एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली 'आयुका' पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. दूर कुठे जायलाच हवं, असं नाही.

पुढे पोट भरतं का?

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो, आणि निघावाही. 'नेट' परीक्षेत संशोधनवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना जानेवारी २०२३ पासून महिना सदतीस हजार रुपये मिळतात. वयाच्या अटीत स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा राज्याची 'सेट' लागते. ज्युनिअर कॉलेजसाठी एम.एस्सी.च्या जोडीला बी.एड. एक कमी माहीत असलेली वाटही सांगते: भाभा अणुसंशोधन केंद्राचा किरणोत्सारी उपचारांविषयीचा पदविका अभ्यासक्रम. तो केलेल्यांची कॅन्सरच्या रुग्णालयांत गरज असते.

मधेच लग्न ठरलं तर?

नव्या रचनेत पहिलं वर्ष पुरं करून थांबावं लागलं, तर पदव्युत्तर पदविका हाती पडते. मिळवलेले श्रेयांक 'अकॅडेमिक बँके'त सात वर्षांपर्यंत जमा राहतात, पोस्टातल्या ठेवीसारखे. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांप्रमाणे बाळंतपण आणि मुलांसाठी दोनशे चाळीस दिवसांपर्यंत रजा मिळू शकते आणि स्त्रियांना दोन वर्षं जादा मुदतही.

पण ही सोय अडीअडचणीसाठी आहे हं! शेवटच्या सत्रात मुहूर्त काढू नये. त्याच महिन्यांत तिचा प्रकल्प चालू असतो, आणि पुढच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लागतं तेव्हा हेच काम पाहिलेले प्राध्यापक ते देतात.

१९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून विभा चौधरी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्या, त्या वर्षीच्या एकट्याच मुलगी. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. २०१९ मध्ये आकाशातल्या एका ताऱ्याला 'विभा' हे नाव देण्यात आलं.

त्या रात्री वहिनींच्या लेकीने फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी वहिनी कालनिर्णय घेऊनच आल्या. फेब्रुवारीच्या पानावर लाल गोल होता. "स्थळ यायचंय ते येऊ दे," म्हणाल्या, "पण मी आधीच सांगणार आहे, बघायचा कार्यक्रम या तारखेनंतर!"