नित्यनेम (लेखांक ७) : मीठ धुणाऱ्या घरातली लेक

नेम धरला की पाठोपाठ एक प्रश्न येतोच. रोज ठरल्या वेळी शास्त्रपाठ केला, गुडघे टेकले, म्हणून माणूस पवित्र होतो का? मागच्या लेखांकात आपण वेळ ठरवण्याविषयी बोललो होतो. आज या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झाला, बोलण्यात मात्र अजून नगरच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळे जे शिरले ते कायमचेच. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. धान्याचे समजू शकते. पण मीठ आणि साखरसुद्धा! पाण्यातून काढल्यावर हाती काय उरत असेल, ते वाचकांनीच ठरवावे. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळे बाईंनी हसत हसत सांगितले आहे, पण त्या घरातल्या बायकांचे हाल त्यातून लपत नाहीत. नेमाच्या बाबतीत ते घर आपल्यापैकी कुणालाही हार जाणारे नव्हते. एक दिवस खंड नाही, सबब नाही. फक्त त्या नेमाचे सारे बळ बाहेरचे काही आत येऊ न देण्यात खर्च होत होते.

याच घरातली लेक कवी नारायण वामन टिळकांना दिली. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. पत्नी काही वर्षे दुरावली. पुढे ती त्यांच्याजवळ आली तीही आपले सोवळे बरोबर घेऊन. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायकोचे पाणी वेगळे, चूल वेगळी. लहानपणापासून अंगात मुरलेले ते सोवळे एका प्रवचनाने सुटण्यासारखे नव्हतेच. जातीपातीचा विचार करता करता ते आतूनच सैल होत गेले आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. नगर भागात प्लेग आला तेव्हा याच बाई रोग्यांच्या उशाशी बसल्या, त्यांची शुश्रूषा केली. ज्या घरात परक्याची सावली चालत नव्हती, त्या घरची लेक.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. नेमाने माणूस पवित्र होतो की नाही, याचा पडताळा त्या नेमानंतर त्याचा हात कुणाकुणापर्यंत पोहोचतो यावर घ्यावा. दूरचे एक उदाहरणही हेच सांगते. १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये वेस्ली बंधूंच्या भोवती विद्यार्थ्यांचे टोळके जमले. बुधवारी-शुक्रवारी उपवास, ठरलेला शास्त्रपाठ, ठरलेली प्रार्थना. लोकांनी टिंगलीने त्यांना मेथडिस्ट म्हटले. पण हीच पोरे तिथल्या तुरुंगात कैद्यांना भेटायला जात, हे टिंगल करणाऱ्यांच्या फारसे लक्षात राहिले नाही. उपवास आणि तुरुंग यांतला एक जरी गाळला, तरी त्यांचा नेम लंगडा झाला असता.

याचा अर्थ नेम करणारा माणूस शांत, गोड, निर्दोष होतो असा मात्र नाही. टिळक तापट होते. हातात पैसा टिकत नसे. लक्ष्मीबाईंनी यातले काहीच झाकलेले नाही, आणि म्हणूनच त्यांचे पुस्तक संतचरित्रांच्या पंक्तीत बसत नाही. मला ते त्याहून उपयोगी वाटते. १९१७ मध्ये याच टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

आपल्याकडच्या नेमाला आणखी एक देणे लाभले आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, आणि अमेरिकन मिशनचे जुने ठाणे असलेले वडाळा बहिरोबा त्याच तालुक्यात. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. त्यांनी आणि कृष्णराव सांगळ्यांसारख्या गीतकारांनी उपासनेला अभंग, भजन, कीर्तन दिले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही अभंग पाठ होतो. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पहाटेच्या काळोखात कोपीतून बाहेर पडतात. त्यांना सकाळी सातचा शास्त्रपाठ सांगणाऱ्या आचार्यांनी एकदा त्यांच्या गाडीवर बसून पाहावे. मोळी बांधता बांधता म्हटलेले भजन हीसुद्धा उपासनाच, आणि तिला पुस्तक लागत नाही, दिवा लागत नाही.

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरात जी गर्दी लोटते, तिलाही मी नेमाचा तोच पडताळा लावेन. यात्रा जरूर करावी. पण उरलेले वर्षभर संध्याकाळी घरात जपमाळ होते का, आणि झाल्यावर अबोला धरलेल्या भावकीशी कुणी दोन शब्द बोलते का, हे घरच्यांनाच ठाऊक असते.

या आठवड्यासाठी नेम सोपा आहे. टिळकांना ज्या पानांनी धरले तीच पाने घ्या : मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय ५ ते ७. एकूण १११ वचने आहेत. रोज सोळा वाचली तर सात दिवसांत होतात, शेवटच्या दिवशी एक कमी. वेळ पहाटेची असो की रात्री भांडी आवरल्यानंतरची, ती बदलू नका. आणि या सात दिवसांत ज्या एका घरी जायचे तुम्ही टाळत आला आहात, तिथे जाऊन चहा घ्या. पुढच्या लेखांकात उपवासाविषयी.